आधी यादी वाचा

संगणक अडला की ‘काढून टाका आणि पुन्हा टाका’ हा सल्ला आळेफाट्याच्या चौकात चहा घेता घेताही मिळतो. घरच्या संगणकापुरते ते ठीक. पण ज्या सर्व्हरवर एखाद्या कचेरीचे सारे काम चालते, तिथे हा सल्ला मला घातक वाटतो.

उदाहरण ‘डॉटनेट फ्रेमवर्क’चे घ्या. इतर अनेक प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे असतात असा हा पाया. २०१२ च्या विंडोज सर्व्हरमध्ये त्याची ४.५ ही आवृत्ती मुळातच होती. ती काढायला गेले की संगणक यादी पुढे करी : हिच्यावर विसंबलेली ही अंगेही जातील. त्या यादीत सर्व्हर मॅनेजर असे, पॉवरशेल असे, आणि माउसने चालणारा सगळा पडदाही असे. न वाचता होकार दिला की पुन्हा सुरू झालेल्या यंत्रावर उरे ती एक काळी चौकट! मग घाबरून सगळेच नव्याने टाकायला निघावे, तर साठवलेली माहितीही धोक्यात. वास्तविक काढलेल्या अंगांच्या फाइली बहुधा यंत्रातच असत. त्याच काळ्या चौकटीत ‘डिस्म’ची आज्ञा दिली की ती परत येत. जुन्या ३.५ आवृत्तीचे उलट. तिच्या फाइली यंत्रात नसतच. मूळ सीडीतून नाहीतर इंटरनेटवरून आणाव्या लागत. आणि सीडीच्या कपाटाची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्याच्या खिशात!

त्या सर्व्हरचा कंपनीकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. सवय मात्र संपलेली नाही.

जवळच खोडदची रेडिओ दुर्बीण पाहा. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. गेल्या दशकात त्यांची ग्रहणयंत्रे बदलली, गणनयंत्रणा वाढवली. पण त्यासाठी वेधशाळेला वर्षानुवर्षे कुलूप लावले नाही. जुने चालू ठेवून नवे शेजारी उभे केले. आपल्या कचेऱ्यांना एवढा पसारा जमणार नाही, हे मान्य. एक वही तर जमेल? काय काढले, कधी, कोणी, त्यावर काय अवलंबून होते आणि सीडी कुठे आहे, एवढे तीत लिहावे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली असताना तर सर्व्हरला हातच लावू नये. बेल्ह्याहून, ओतूरहून एस. टी. ने आलेल्या मुलाला खिडकीवर ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर जाण्यायेण्याच्या भाड्यासकट पडते.

कला शाखेच्या पोरांना यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण यादी वाचायला शास्त्र शाखा लागत नाही, आणि ती वही लिहायला आमच्यातले दोघे-तिघे आजही तयार आहेत.