रोव्हर्स कप

रोव्हर्स कप ही फुटबॉलची बाद फेरीची स्पर्धा 1891 साली मुंबईत सुरू झाली. हरला तो संघ बाहेर, ही रीत ब्रिटिश पलटणींनी आणली. 1888 मध्ये सिमल्यात सुरू झालेल्या ड्युरँड कपची पहिली अंतिम लढत तर दोन स्कॉटिश पलटणींतच झाली. मुंबईत पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटला मिळाला. पुढची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व राहिले. 1923 मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यात हरला. कप भारतीय संघाच्या हाती आला तो 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्समुळे. छेचाळीस वर्षांची ही प्रतीक्षा आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. 2000-01 नंतर ही स्पर्धा बंद पडली, ही मोठीच हानी.