मेंढीकोट मोजावयाचा कीं नाहीं?

शाळेच्या वार्षिकांत पत्त्यांचें नांव निघालें म्हणजे कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्हांस ठाऊक आहे. पैसा लावून खेळणें आम्हांसही सर्वथा निषिद्ध वाटतें. त्याविषयीं येथें वाद नाहीं. परंतु मे महिन्याच्या सुटींत उन्हें उतरेपर्यंत नाशिकांत अनेक घरीं मुलें मेंढीकोट खेळतात, आणि त्या निर्दोष खेळांतही भांडणें होतात. आमच्या मतें त्यांचें कारण बहुधा लबाडी नव्हे. कायदा आधीं ठरलेला नसतो, हें होय.

खेळ बहुतेकांच्या परिचयाचा आहे. चौघे भिडू, दोन पक्ष, प्रत्येकास १३ पानें. चार दश्श्या त्या चार मेंढ्या. तीन ज्या पक्षाकडे त्याची जीत, आणि दोन-दोन वांटल्या गेल्या तर ज्याचे हात अधिक त्याची. चारीही एकानेंच नेल्या कीं मेंढीकोट झाला. येथपर्यंत सर्वांचें एकमत. पुढें मात्र घर तितके कायदे! कोट एक डाव धरावा कीं दोन? तेराही हात एकाच पक्षानें ओढले, तर तो बावन्न पानांचा कोट निराळा मोजावा कीं नाहीं? हुकूम एक पान झांकून ठेवून करावा, कीं रंगाचें पान नसलेला भिडू जें पान टाकील त्यावरून? यांपैकीं कोणतीही रीत चुकीची नाहीं. चूक ती ही, कीं प्रश्न तेरावा हात उचलल्यावर निघतो. तेव्हां प्रत्येकास आपला लाभ कोठें आहे तें दिसत असतें. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा खरा.

यांत खरी हानि होते ती नवख्याची. सिन्नर अगर पेठ भागांतून आलेला मुलगा वसतिगृहांत जुन्या मुलांबरोबर डावास बसतो. आपण कोट दिला म्हणून तो हंसतो, आणि त्याचा भिडूसुद्धां म्हणतो, "येथें तो मोजीत नाहींत." मुलगा गप्प बसतो. असें चार वेळां झालें म्हणजे तो वर्गांतही गप्प बसूं लागतो.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असें नाहीं. चीनमध्यें जन्मलेला माहजोंग हा ठोकळ्यांचा खेळ जपानांतही चौघे मिळून खेळतात. त्यांत तीन अति विरळ डाव आहेत. मुख्य खेळाडूचा डाव वांटणींतच, पहिल्या १४ ठोकळ्यांत, जुळला तर तो 'तेन्हो', म्हणजे स्वर्गाचा. इतरांपैकीं कोणाचा आपण उचललेल्या पहिल्याच ठोकळ्यानें जुळला तर 'चीहो', पृथ्वीचा. आणि आपली पहिली पाळी येण्यापूर्वींच दुसऱ्यानें टाकलेल्या ठोकळ्यानें जुळला तर 'रेन्हो', मनुष्याचा. पहिले दोन सामान्यतः सर्वत्र मान्य आहेत. तिसरा मात्र वैकल्पिक. कोणी तो मोजतात, कोणी मोजीत नाहींत, आणि मोजणाऱ्यांतही त्याचें मोल सारखें नाहीं. मौज अशी, कीं चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस यानें अनुकूल काळाहून अनुकूल भूमि, आणि भूमीहूनही मनुष्यांचें ऐक्य श्रेष्ठ ठरविलें आहे. त्या ऐक्याची जी अक्षरें, तींच या तिसऱ्या डावाच्या नांवाचीं! आम्हांस हें अनुरूपच वाटतें. तो डाव चौघांनीं आधीं बोलून मान्य केला तरच अस्तित्वांत येतो.

कोणी म्हणतील, सर्व घरांस एकच छापील कायदा लावावा. हुतूतू व खोखो यांचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुणें-बडोद्याकडील व्यायामसंस्थांनीं लिहून काढले, म्हणून गांवोगांवचे संघ एकमेकांशीं खेळूं लागले, हें खरें. पण आजोळची रीत निराळी असण्यांत गोडी आहे. ती आम्ही सोडूं इच्छीत नाहीं. मोबाइलवर तर नियम यंत्रच ठरवितें. तेथें भांडण नाहीं, तसें ठरविण्याचें शिक्षणही नाहीं.

तेव्हां पालकांस विनंति, कीं पानें पिसण्यापूर्वीं "कोट कसा मोजावयाचा?" हें मुलांकडून बोलून घ्यावें, आणि पहिलें उत्तर नवख्या भिडूस विचारावें. विसरून राहिलें आणि कोट पडलाच, तर त्या डावापुरती साधी जीत धरावी व पुढच्या डावापासून काय तें ठरवावें. जिंकणाऱ्यास हें कडू लागेल; तरी आम्ही त्याच्याच पारड्यांत ही तूट टाकूं, कारण जीत त्याच्याजवळ आहेच.