दोघेही सारखेच कसे? 'स्टार ट्रेक'मधला लोकाय आणि आपल्याकडचं 'आपसातलं भांडण'



आज आम्ही एका टीव्ही मालिकेच्या भागावर लिहिणार आहोत. चळवळीच्या ब्लॉगवर परग्रहवासीयांच्या गोष्टी कशाला, असं काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. ही गोष्ट परग्रहावरची असली तरी तिच्यावरून झालेला वाद आपल्या मूर्तिजापूरचा आहे.

स्टेशनच्या अलीकडे, जिथून एकेकाळी शकुंतला गाडी एका अंगाने अचलपूरला आणि दुसऱ्या अंगाने यवतमाळला जायची, तिथे आमची पोरं एका खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यातल्या चार-पाच जणांना विज्ञानकथांचं भारी वेड. जयंतीच्या तयारीची बैठक आटोपल्यावर एका रात्री त्यांनी लॅपटॉप लावला आणि 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा त्यांचा सर्वात आवडता भाग सगळ्यांना दाखवला. भागाचं नाव 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफिल्ड'. १० जानेवारी १९६९ रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अंतराळयानावर दोन परग्रहवासी येतात. दोघांचाही चेहरा मधोमध उभा विभागलेला, अर्धा काळा आणि अर्धा पांढरा. एक लोकाय. तो चोरलेल्या छोट्या यानातून पळून आलेला आहे. दुसरा बील. तो त्याच चेरॉन ग्रहाच्या सरकारचा अधिकारी, राजद्रोह्यांना पकडणाऱ्या आयोगाचा प्रमुख. पन्नास हजार वर्षं तो लोकायच्या मागावर आहे. लोकायचे लोक हलके आहेत हे तर उघड दिसतं, असं बील म्हणतो. कॅप्टन कर्क आणि स्पॉक चक्रावतात, कारण त्यांना दोघांत काही फरकच दिसत नाही. मग बील समजावून सांगतो: माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी आहे. बस, एवढाच फरक. शेवटी यान चेरॉनला पोहोचतं तेव्हा तिथे कोणीच जिवंत उरलेलं नसतं. एकमेकांचा द्वेष करत अख्खा ग्रह संपलेला असतो. आणि तरीही ते दोघे एकमेकांच्या मागे धावत त्या मेलेल्या ग्रहावर उतरतात.

भाग संपल्यावर चर्चा रंगली. उजवं-डावं हे किती मूर्खपणाचं, जातही अशीच मूर्खपणाची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग एक पोरगा म्हणाला, "पण दोघंही सारखेच होते ना बे. दोघंही द्वेषानं आंधळे. एकानं सोडलं असतं तं ग्रह वाचला असता." बहुतेकांनी माना डोलावल्या. जगभरचे या भागाचे चाहते साधारण हेच सांगत आले आहेत. द्वेष वाईट, दोन्ही बाजूंचा वाईट, दोघांनी समजुतीने घ्यायला हवं होतं. भागाचा शेवटही प्रेक्षकाला हेच पटवून घरी पाठवतो.

आमचा वाद याच्याशी आहे. 'दोघेही सारखेच' हे वाक्य खोटं आहे. आणि ते फक्त टीव्हीपुरतं खोटं राहत नाही. आपल्या तालुक्यात, आपल्या पोलीस ठाण्यात, आपल्या गावच्या पारावर ते रोज वापरलं जातं.

आधी भागच नीट पाहू. पळतंय कोण? लोकाय. पाठलाग कोण करतंय? बील. सरकार, आयोग आणि पद कोणाकडे आहे? बीलकडे. गुलाम कोणाला केलं होतं? लोकायच्या लोकांना. आम्ही तुम्हाला कधीचंच मुक्त केलं, असं बील ऐकवतो. लोकाय उलट विचारतो की ती कसली मुक्ती, माणूस म्हणून, नवरा म्हणून, बाप म्हणून जगायची मोकळीक तुम्ही दिली होती का? या प्रश्नाला बीलकडे पटणारं उत्तर नसतं. म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्यांना फरक माहीत होता. त्यांनीच तो लोकायच्या तोंडी घातला. पण शेवटी दोघांना एकाच कॉरिडॉरमध्ये धावायला लावलं आणि तराजूची पारडी समान करून टाकली. पन्नास हजार वर्षं मानेवर पाय ठेवणाऱ्याचा द्वेष आणि तो पाय झटकू पाहणाऱ्याचा राग एकाच मापाने मोजला. याला तटस्थपणा म्हणत नाहीत. अशी तटस्थता नेहमी पाय ठेवणाऱ्याच्याच फायद्याची असते.

याच भागात आणखी एक प्रसंग आहे. चाहते त्यावर फारसं बोलत नाहीत, आम्हाला मात्र तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. लोकाय यानावरच्या तरुणांना आपल्या लोकांची हकिगत सांगत असतो. चेकॉव म्हणतो, पृथ्वीवरही असा छळ होता, इतिहासाच्या तासाला वाचल्याचं आठवतं. सुलू म्हणतो, हो, पण ते पार विसाव्या शतकात, आता असा मागासलेला विचार कोणी करत नाही. ओळखीचं वाटतं ना? 'आता कुठे राहिली जात?' हेच आहे ते. आणि सुलूचं काम करणारा नट कोण होता? जॉर्ज टाकेई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना कुंपणाच्या छावण्यांत कोंडलं, त्यांत टाकेई यांचं कुटुंब होतं. १९४२ साली ते पाच वर्षांचे होते. ज्याने ते सोसलं त्याच्याच तोंडून 'ते तर जुनं झालं' हे वाक्य वदवून घेतलं गेलं. आपल्याही पोरांकडून आज हेच वदवून घेतलं जातं. नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, भाड्याची खोली शोधताना. 'मला तर कधी जातीचा त्रास झाला नाही' असं आपला पोरगा म्हणाला की समोरचा खूश होतो.

चेरॉनवर निदान चेहऱ्याकडे पाहून कळत होतं. आपल्याकडे चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारावं लागतं. पूर्ण नाव काय? गाव कोणतं? गावात घर कोणत्या बाजूला? घरात फोटो कोणाचा? चार प्रश्नांत आपली उजवी बाजू काळी की पांढरी ते समोरच्याला कळतं आणि मग खोली 'कालच गेली' असं उत्तर मिळतं. कर्क आणि स्पॉकला फरक दिसला नाही म्हणून तो चेरॉनवर नव्हता असं होत नाही. तसंच जात 'दिसत नाही' म्हणून ती नाही असंही होत नाही.

आता त्या पोराकडे येऊ, 'दोघंही सारखेच' म्हणणाऱ्या. त्याला विचारूनच हे लिहितो आहोत. काही वर्षांपूर्वी त्याच्या काकाला गावात मारहाण झाली. मारताना जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, साऱ्या गावाने ऐकल्या. तक्रार द्यायला गेल्यावर काय ऐकायला मिळालं? "धुऱ्याचं भांडण आहे. दोन्ही बाजूंची चूक असते. आपसात मिटवा." कागदावर धुरा तेवढा राहिला, शिव्या गळून गेल्या. वर उलट तक्रारीची भीती घातली गेली. शेवटी काकाने अंगठा दिला आणि मिटलं. त्या रात्री आम्ही त्या पोराला एवढंच विचारलं, "तुझा काका लोकाय होता का बील?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या घरीबी सारे हेच म्हणत होते. दोघांचीबी चूक हाय म्हणून."

मित्रहो, एखाद्या वाक्याची ताकद इथे कळते. ते मारणाऱ्याला सोडवतंच, शिवाय मार खाणाऱ्याच्या घरात जाऊन बसतं.

हे एका गावापुरतं आहे असं समजू नका. आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यात, २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडलं. एका बौद्ध कुटुंबातले चार जण, आई, मुलगी आणि दोन मुलं, जमावाने ठार मारले. खुनाची शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायदा न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे जातीय द्वेषातून नव्हे तर सूडातून घडल्याचं मानलं आणि फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. निकालाचा आदर ठेवूनच आम्ही विचारतो, एवढा मोठा जमाव एका घरावर चालून जाण्याचं धाडस करतो, ते धाडस त्याला कुठून मिळतं? 'सूड' म्हटलं की दोन बाजू समान होतात. 'जात' म्हटलं की कोण वर आणि कोण खाली ते सांगावं लागतं. म्हणून जात हा शब्दच टाळला जातो.

२०१८ आठवा. २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी घातल्या. कारण काय, तर गैरवापर होतो. म्हणजे इथेही लोकायवरच संशय. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, त्यात जीवही गेले. त्याच वर्षी संसदेला कायद्यात कलम १८-अ घालावं लागलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. अनुसूचित जाती-जमातींचे लोक एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असं गृहीत धरता येत नाही, असंही म्हटलं. ही दुरुस्ती 'दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्या' असं सांगून झाली नाही. लोक उभे राहिले म्हणून झाली.

यावर कोणी म्हणेल, लोकायही काही संत नव्हता. बीलला मारून टाका, असं तोही यानावरच्या लोकांना सांगत होता. मान्य. आम्ही लोकायला निर्दोष म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच की त्याचा दोष आणि बीलचा दोष एक नाही. लोकायची खरी चूक वेगळीच आहे. त्याने बीलशी वैर धरलं, पण उजव्या-डाव्याच्या नियमाशी धरलं नाही. चेरॉनवर एकही माणूस असा निघाला नाही, जो म्हणेल की हा नियमच जाळून टाकू.

आपल्याकडे असा माणूस निघाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. माणसं जाळली नाहीत, पुस्तक जाळलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचं भाषण पेलत नाही म्हणून परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. तेच 'जातिप्रथेचं उच्चाटन'. त्यात त्यांनी 'सगळ्यांनी प्रेमाने राहा' असा उपदेश केला नाही. जातीला ज्या धर्मशास्त्राचा आधार आहे, त्या आधारावरच घाव घातला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना घेऊन ते त्या रिंगणातूनच बाहेर पडले. पाठलाग करणाराही नको आणि पळणाराही नको, हा तिसरा मार्ग 'स्टार ट्रेक'च्या लेखकांना सुचला नाही. आपल्याला तो मिळालेला आहे.

या भागातली एक गोष्ट मात्र चांगली आहे. बील म्हणतो, माझा कैदी माझ्या ताब्यात द्या. वरिष्ठ नकार देतात. चौकशी झाल्याशिवाय, बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही असं सोपवता येत नाही, असं कळवतात. कर्कच्या उपदेशापेक्षा हा नियम मोलाचा आहे. दुबळ्याला उपदेश कामी येत नाही, कायदा येतो. आपल्या संविधानाचं कलम १७ तेच काम करतं. ते दोन्ही बाजूंना समजावत बसत नाही, अस्पृश्यता नष्ट झाल्याचं सांगतं आणि ती पाळणं गुन्हा ठरवतं.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. चेरॉनवर दोनच बाजू होत्या. आपल्याकडे बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे आणि पायाखालीही कोणीतरी आहे. म्हणून आपल्यातलाच लोकाय घरी गेल्यावर बील होतो. पोटजात पाहून सोयरीक ठरवताना होतो. मांग, भंगी, पारधी समाजाचा माणूस दारात आला की होतो. बायकोचा पगार हातात घेताना होतो. बीलला ओळखायचं असेल तर आरशातही पाहावं लागेल.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना आमचं सांगणं, तुमची आवडती मालिका जरूर पहा. आम्हीही पाहणार आहोत, पोरांनी पुढच्या भागांची यादीही काढून ठेवली आहे. फक्त भाग संपल्यावर 'दोघेही सारखेच' म्हणण्याआधी विचारा, पाठलाग कोण करत होता? आणि तुमच्या गावात 'धुऱ्याचं भांडण' म्हणून कोणी कागद पुढे करेल, तेव्हा अंगठा देण्याआधी हाच प्रश्न विचारा.

त्या पोराने परवा काकाला घेऊन वकिलाकडे जायचं ठरवलं आहे. इतक्या वर्षांनी काय होईल ते सांगता येत नाही. आम्ही सोबत जाणार आहोत.

जय भीम! जय संविधान!