ट्यूब सोडण्याआधी नदीची चौकशी करूया

ट्रकच्या ट्यूबवर तरंगायला कोकणातल्या पोरांना कुणी शिकवलं नाही. आता तीच मजा पाहुण्यांना हवी आहे. ट्यूबमध्ये बसायचं आणि नदी नेईल तसं जायचं! त्यातून गावातल्या तरुणांना घराजवळ चार पैसे मिळतात. हे टिकलं पाहिजे. पण एक जीव गेला तर बंदीचा कागद निघेल आणि तीच मुलं पुन्हा मुंबईची गाडी पकडतील. कोकणातल्याच तारकर्लीत २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. ते आपण विसरलेलो नाही.

हातातून निसटतेय ती नदीची माहिती. उधाण कधी, भांग कधी, कुठल्या डोहात भोवरा धरतो, हे माणसांना नदीपार नेणारी तर चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायचं. पूल झाले आणि या तरी बंद पडल्या. आज ट्यूब सोडणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, पण शेजारच्या आजोबांना विचारायला त्याला सवड नसते.

वाशिष्ठीचंच बघा. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजल याच नदीतून समुद्राला जातं, वर्षाला ६७.५ टीएमसी. विजेची मागणी वाढली, निर्मिती वाढली, की आभाळात ढग नसतानाही पाणी चढतं. खाली खाडीकडे भरती-ओहोटीचा हिशेब वेगळा, शिवाय मगरी. मगरी बघायला होडी आहेच, तिथे ट्यूब नकोच. कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंग वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याच्या वेळेवर चालतं. मग आपणही निघण्याआधी चौकशी का करू नये?

बंधाऱ्यांचंही तसंच. बंधाऱ्यावरून एकसारखं पडणारं पाणी दिसायला गरीब, पण खाली पडलेल्या माणसाला ते गोल फिरवत पुन्हा भिंतीकडेच ओढतं. चांगला पोहणाराही तिथे थकतो. म्हणून बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागायचं आणि ट्यूब खांद्यावर घेऊन चालत पुढे जायचं. पाहुणे कुरकुरतील, कुरकुरू देत.

आता जॅकेट. तुटलेल्या बकलाच्या जागी पट्ट्याला गाठ मारलेली जॅकेटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती बाजूला काढूया. जॅकेट चढवल्यावर खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट म्हणजे जॅकेट नसल्यासारखंच. आणि पडेल या भीतीने कुणाला ट्यूबला दोरीने बांधू नका. ट्यूब उलटली की ती दोरीच बुडवते. एक गाइड पुढे, एक सगळ्यांच्या मागे, दोघांकडे फेकायची दोरी, दगडाळ पट्ट्यात हेल्मेट. दारू प्यायलेला पाहुणा काठावरच राहील, मग तो कितीही पैसे मोजो.

पाहुण्यांनो, तुम्हीही साथ द्या. ‘आज पाणी बरं नाही’ असं गाइड म्हणाला तर हुज्जत घालू नका. होमस्टेवाल्यांनी त्या दिवशी पैसे परत करावेत किंवा गावची वाडी, देऊळ दाखवावं. माणूस नाराज होणार नाही, पुन्हा येईल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घेऊया. दिवाळीची गर्दी त्यानंतर सुरू होते. जुन्या तरवाल्यांना, मासे मारणाऱ्यांना बोलवूया, पुलाच्या खांबावर लाल पट्टी कुठे मारायची ते त्यांनाच विचारूया. पाणी पट्टीला टेकलं की त्या दिवशी ट्यूब नाही. रंगाचा डबा आणि ब्रश गावातच मिळेल.