आईला पुढे कोण करतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रातल्या पाचसहाजणींनी दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसून 'द वायर' या अमेरिकन मालिकेचं पहिलं पर्व पाहिलं. मालिका जुनी, 2002 सालची. भाग 13. बाल्टिमोर शहरातली गरीब काळ्यांची सरकारी घरं, त्या घरांमधल्या मोकळ्या जागेत गर्द विकणारी पोरं आणि त्यांच्या फोनला कान लावून बसलेले पोलीस, असा तिचा विषय. लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड सायमन त्याच शहरात वार्ताहर होता आणि एड बर्न्स आधी पोलिसात, मग शाळेत शिक्षक. वस्ती त्यांना माहितीची आहे, हे पदोपदी जाणवतं.

शेवटचा भाग संपला तेव्हा आमची एक नवी कार्यकर्ती उसळून म्हणाली, "ही आई आहे की वैरीण?"

ती बोलत होती ब्रिआनाबद्दल. ब्रिआनाचा भाऊ एव्हन हा सगळ्या धंद्याचा मालक, आणि मुलगा डिअँजेलो त्याच्या हाताखाली. डिअँजेलोच्या हाताखालचा सोळा वर्षांचा वॉलेस आपल्याच माणसांच्या हुकमावरून मारला जातो. ते कळल्यावर पकडला गेलेला डिअँजेलो पोलिसांना सगळं सांगायला तयार होतो. त्याला फक्त दुसरीकडे कुठेतरी नव्यानं सुरुवात करायची असते. मग आई तुरुंगात भेटायला येते. घराण्याचं, मामाच्या उपकारांचं बोलते. मुलगा गप्प होतो आणि वीस वर्षांची शिक्षा पत्करतो.

राग यावा असाच प्रसंग आहे. पण मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं.

ब्रिआनाचं घर, गाडी, अंगावरचे कपडे, सगळं भावाच्या पैशातून आलेलं. त्या धंद्यात तिला मान आहे, पण तो बहीण म्हणून. मुलगा बोलला तर भाऊ आत जाईल आणि तिच्या पायाखालची जमीनही जाईल. शिवाय मामानं सांगितलं तर मुलगा ऐकेलच याची खात्री नाही. वकिलाचं आणि स्ट्रिंगर बेलचं तोंडही त्याला पाहायचं नाही. 'वॉलेस कुठे आहे?' असं तो त्यांना पुन्हापुन्हा विचारतो आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं. जिथे पुरुषांचा शब्द संपतो, तिथे आईला पुढे केलं जातं. शिव्याशाप तिच्या वाट्याला, सुटका भावाच्या. (पूर्ण नाही, त्यालाही शिक्षा होते. पण भाच्याच्या मानानं थोडी.)

हे मी आधी पाहिलेलं होतं. मी कुटुंब सल्ला केंद्रात होते तेव्हा एकोणीस वर्षांची एक मुलगी सासरच्या मारहाणीची तक्रार घेऊन आली. चार दिवसांनी तिची आई आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ताई, मिटवून टाका." मी तिला चांगलंच सुनावलं. पोटच्या पोरीला परत त्या घरात ढकलता, लाज नाही वाटत? केस-पेपरवर लिहिलं, 'आईचा दबाव'. ती बाई पुन्हा आली नाही, आणि मुलीपर्यंत पोचायचा माझा एकमेव दुवाही तिच्याबरोबर गेला. मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या दिवशी फाटकापाशी स्कूटर लावून मुलीचा बाप आणि काका उभे होते. मी खिडकीतून पाहिलं होतं. कागदावर त्यांचं नाव आलं नाही. एमएसडब्ल्यूला असताना केस-नोंदी कशा लिहायच्या यावर आम्हाला भरपूर शिकवलं होतं, पण फाटकाबाहेरचा माणूस त्यात नव्हता.

म्हणून ब्रिआनाला मोकळं सोडावं असं माझं म्हणणं नाही. ती मोठी बाई आहे, आपण काय करतो ते तिला कळतं. पण दोष लिहिताना एकटं तिचंच नाव लिहू नये.

मालिकेलाही काही विचारायला हवं. बायका थोड्याच. कीमा ही पोलीस अधिकारी मला फार आवडली. तिची जोडीदार बाई आहे, आणि मालिका त्याचा गाजावाजा करत नाही. गोळ्या लागून इस्पितळात पडलेली असताना, पाहिला नाही तो माणूस ओळखायला ती नकार देते. क्लबात नाचणारी शार्डीन, मैत्रीण कीशाचं प्रेत दाखवल्यावर पोलिसांना मदत करू लागते, मालकाच्या खोलीत पावलं मोजून अंतर सांगते. कीशाचं मरण मात्र शार्डीनला फिरवण्यापुरतंच वापरलेलं वाटलं. जिवंत असताना ती कोण होती, हे आपल्याला फारसं कळत नाही.

आणि वॉलेस. पडक्या घरात, शेजारून ओढलेल्या विजेवर, तो लहान पोरांचा सांभाळ करतो. सकाळी उठवून त्यांना शाळेत पाठवतो, हातात खाऊची पिशवी देतो. एका पोराला शाळेचं गणित येत नाही, पण तेच गर्दच्या पुड्यांत विचारलं की पटकन येतं, कारण तिथला हिशेब चुकला तर मार बसतो. वॉलेसची आई दारूच्या आहारी गेलेली. बापाचा पत्ता मालिका विचारत नाही. आपणही विचारला नाही, हे आमच्या चर्चेत फार उशिरा लक्षात आलं. पोलीस त्याला गावी आजीकडे नेऊन सोडतात. तिथे त्याचं मन रमत नाही, रातकिड्यांची किरकिरसुद्धा सोसवत नाही, आणि तो परत येतो. तो मारला जातो त्या घरात ती पोरं नसतात. आम्ही सगळ्याजणी हेच विचारत राहिलो, उद्या सकाळी त्यांना कोण उठवणार? तेरा भागांत एकही समाजकार्यकर्ती आमच्या मनात राहील अशी दिसली नाही. हे खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पुढच्या महिन्यात शेवटचे दोन भाग वस्तीतल्या आयांच्या गटाला दाखवायचं ठरलंय. शिव्या फार आहेत आणि इंग्रजी आम्हालाच नीट कळत नाही, तेव्हा मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगावं लागेल. तुरुंगातल्या भेटीपाशी थांबायचं, आणि आम्ही कुणी आधी बोलायचं नाही.