इराण्याकडे जावे का?

केवळ चहाच प्यायचा असेल, तर नाक्यावरची टपरी पुरेशी आहे. इराणी हॉटेलाचे मोल त्याच्या टेबलात आहे.

यझद-केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबईत ही हॉटेले थाटली. धोबी तलावचे 'कयानी' १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' १९२३ चे. जात पाहून पंगत बसवण्याच्या त्या काळात येथे गिरणी कामगार आणि कारकून एकाच टेबलावर ब्रून-मस्का खात. सहभोजनासाठी समाजसुधारक झटत असताना इराण्याच्या स्वस्त चहाभोवती ते रोज सहज घडत होते.

आज अनेक जण जुन्या खुर्च्यांची छायाचित्रे घेऊन निघून जातात. एवढ्याने हा वारसा टिकणार नाही. अवश्य जावे, निवांत बसावे आणि समोरची रिकामी खुर्ची अनोळखी माणसाला द्यावी.