ग्रिड शहाणे झाले, पण कोणासाठी?

३० जुलै २०१२ रोजी देशाचे उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याच्यासह पूर्व आणि ईशान्येकडील ग्रिडही बंद पडले व सुमारे ६० कोटी जनतेला त्याची झळ बसली. त्यानंतरच्या वर्षांत उच्चदाब उपकेंद्रांमध्ये सेकंदाला २५ वेळा विजेची नाडी तपासणारी यंत्रे बसली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले. हे शहाणपण मुख्यतः सार्वजनिक क्षेत्राने उभारले, आणि त्याची नजर ग्रिडवर होती.

आता शहाणपणाची दुसरी पायरी घराच्या उंबरठ्याशी आली आहे. तिची नजर ग्राहकावर आहे. २०२१ च्या केंद्रीय योजनेने २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे लक्ष्य ठेवले. मीटर बसवणारा व चालवणारा खासगी कंत्राटदार. त्याचा मोबदला वर्षानुवर्षे वितरण कंपनीकडून, म्हणजे अखेर जनतेकडून.

जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी घड्याळानुसार दर ठरविण्याचे तत्त्व आणले : सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि मागणी शिगेला असताना चढा. शास्त्रीयदृष्ट्या हे तत्त्व चूक नाही. दुपारी सौरवीज मुबलक असते. सायंकाळी ती मावळते आणि भार औष्णिक संचांवर येतो. परंतु सकाळी आठला कारखान्यात जाऊन सायंकाळी सातला परतणाऱ्या कामगार स्त्रीने दुपारची स्वस्त वीज वापरावी कशी? तिचा दिवा, पंखा, मिक्सर सायंकाळीच चालणार. दिवसभर वातानुकूलित यंत्र चालविणाऱ्या घराच्या पदरात मात्र सवलत आपोआप पडेल. वर्गभेद न जाणणारे तंत्रज्ञान असे वर्गभेदच वाढविते.

आपला विरोध यंत्राला नाही, त्याच्या मालकीला आणि हेतूला आहे. अल्प वापर करणाऱ्या घरांना चढ्या दरातून वगळावे. पैसे संपताच वीज तोडणारी प्रीपेड पद्धत कोणावरही लादू नये. मीटरमधील माहिती सार्वजनिक वितरण संस्थेच्याच ताब्यात राहावी. मीटरवाचन करणाऱ्या कंत्राटी कामगारांना पर्यायी काम मिळावे.

महाराष्ट्रात जनतेच्या विरोधापुढे नमून राज्य सरकारने जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटरमधून वगळण्याची घोषणा केली. संघटित आवाजाची शक्ती यातून दिसली. वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्यांत भांडवलदारांचे वकील नेहमीच हजर असतात. प्रत्येक शाखेने वीजग्राहकांच्या लेखी हरकती गोळा करून तेथे आपली उपस्थिती नोंदवावी.